सोडणे आणि विसरणे

मुक्ती ही कर्त्याने स्वतः करावयाची कृती आहे, की कर्ता निघून गेला म्हणजे आपोआप घडणारी घटना, हा प्रश्न भारतीय मोक्षविचारात फार जुना असून त्याची दोन टोके दोन ग्रंथांत स्पष्ट दिसतात. तैत्तिरीय संहितेने ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्माला येतो असे म्हटले, आणि ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने व पितरांचे संततीने फिटते अशी त्यांची वासलातही सांगितली. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायाने त्यावर आणखी कडक निर्बंध घातला, की ही तिन्ही ऋणे फेडल्यावरच मन मोक्षाकडे लावावे, न फेडता मोक्षामागे जाणारा अधोगतीला जातो. उलट जाबालोपनिषदाने ज्या दिवशी वैराग्य उपजेल त्याच दिवशी घर सोडण्याची मुभा दिली, आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात संन्यासाचे समर्थन करताना याच श्रुतीचा आधार घेतला. एका पक्षाला प्रत्येक देणे एकेक करून मिटवल्याशिवाय सुटका मान्य नाही, तर दुसऱ्या पक्षाच्या मते घर सोडण्यातच सगळी देणी एकदम मिटतात.

हाच प्रश्न गेली पन्नासहून अधिक वर्षे एका अगदी वेगळ्या क्षेत्रात, म्हणजे संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या रचनेत, रोज सोडवावा लागतो आहे, आणि तिथे त्याचे उत्तर चुकले तर यंत्र बंद पडते. यंत्राच्या वर्तनावरून मोक्षाचे स्वरूप सिद्ध होत नाही, हे उघड आहे. परंतु धरणे, सोडणे आणि सोडले असे वाटणे या तीन अवस्थांतील भेद ज्या काटेकोरपणे त्या क्षेत्रात करावा लागतो, तितक्या काटेकोरपणे तो धर्मचर्चेत क्वचितच केला जातो, म्हणून त्याची दखल घेणे उचित ठरते.

चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला, म्हणजेच प्रोसेसला, एखादी फाइल वाचावयाची किंवा लिहावयाची असली तर ती थेट हाताळता येत नाही. ती कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, मागावी लागते, आणि कर्नल तिच्या बदल्यात एक लहानसा अंक देतो, मंदिराबाहेर चपला ठेवल्यावर हाती पडणाऱ्या बिल्ल्यासारखा. या अंकाला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ नंतर बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या युनिक्समधून आलेल्या रूढीप्रमाणे ०, १ आणि २ हे अंक अनुक्रमे आत येणारा मजकूर, बाहेर जाणारा मजकूर आणि चुकांचे संदेश यांसाठी असतात आणि पुढचे अंक मागणीनुसार मिळतात. या अंकामागे तीन थर असतात: प्रोसेसचा स्वतःचा तक्ता, सर्व प्रोसेसमध्ये मिळून असलेला उघड्या फाइलींचा तक्ता, आणि प्रत्यक्ष फाइलीची कर्नलजवळची नोंद. एकाच नोंदीकडे अनेक प्रोसेस एकाच वेळी बोट दाखवू शकतात, म्हणून प्रत्येक नोंदीजवळ तिला किती जणांनी धरले आहे याचा आकडा ठेवलेला असतो. हीच संदर्भगणना किंवा रेफरन्स काउंट. कोणी नव्याने धरले की आकडा एकाने वाढतो, कोणी सोडले की एकाने उतरतो, आणि तो शून्यावर आला की वस्तू मोकळी होऊन तिची जागा दुसऱ्याला देता येते. ही पद्धत जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली यादीरूप माहितीच्या संदर्भात प्रथम मांडली.

या व्यवस्थेतील एक बारकावा विशेष लक्ष देण्याजोगा आहे. एखादी फाइल पुसण्याची आज्ञा दिली, तर पुसले जाते ते केवळ तिचे नाव. कोणत्याही प्रोसेसने ती अजून उघडी ठेवली असेल, तर नाव गेल्यावरही तिचा सर्व मजकूर डिस्कवर जसाच्या तसा राहतो आणि शेवटचा धरणारा तिला सोडीपर्यंत जागा अडवून बसतो. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसांना हा प्रकार चांगला परिचित आहे: काही गीगाबाइटची लॉग फाइल पुसूनही डिस्क भरलेलीच दिसते, एकेक नाव पाहत जागा मोजणारी 'डीयू' ही आज्ञा एक आकडा सांगते आणि डिस्कच्या नोंदीवरून मोजणारी 'डीएफ' त्याहून बराच मोठा आकडा सांगते. ही जास्तीची जागा कोणी अडवली आहे हे 'एलएसओएफ' नावाच्या साधनाने शोधावे लागते, आणि ते नाव नसलेल्या त्या फाइलीपुढे ती पुसलेली असल्याचा शेरा व धरणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक दाखवते. नामरूपाचा नाश आणि वस्तूचा नाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वस्तू टिकते ती नावावर नव्हे, धरणाऱ्यावर टिकते, हे इथे कोणत्याही रूपकाशिवाय पाहता येते.

गळती घडते ती प्रोसेस बिल्ला विसरतो तेव्हा. अंक ज्या चलात ठेवला होता त्या चलात दुसरेच काही लिहिले गेले, किंवा ते काम करणारे फंक्शन संपून चल नाहीसे झाले, तर प्रोसेसच्या दृष्टीने ती फाइल आता अस्तित्वातच नसते. कर्नलच्या तक्त्यात मात्र ती उघडीच असते, कारण सोडल्याचे कोणी कळवलेले नसते. लिनक्सवर एका प्रोसेसला एका वेळी किती डिस्क्रिप्टर धरता येतील याची प्रचलित मर्यादा बहुधा १०२४ असते. दर विनंतीमागे एक बिल्ला विसरणारा सर्व्हर काही तास किंवा काही दिवस सुरळीत चालतो, आणि मग एके क्षणी त्याला नवी फाइल, नवी जोडणी, काहीच मिळेनासे होते. विसरल्याने भार हलका होत नाही, तो फक्त दिसेनासा होतो.

गळती नेमकी कुठे असते, याविषयी या कामात मुरलेल्या लोकांचा अनुभव सहसा एकसारखा असतो, आणि तो तत्त्वचिंतकांनी ऐकावा असा आहे. नेहमीच्या वाटेवर ती फारशी सापडत नाही. फाइल उघडली, वाचली, मिटली, हा सरळ क्रम लिहिणारा सहसा चुकत नाही. ती सापडते आडवाटेवर: फाइल उघडली, पुढच्याच ओळीत स्मृती मिळाली नाही किंवा समोरची जोडणी तुटली, आणि फंक्शन तिथूनच चूक कळवून परतले, त्यामुळे मिटवण्याची ओळ खाली लिहिलेली असूनही तिथवर कोणी पोहोचलेच नाही. म्हणूनच शोध घेणारा 'एसट्रेस'सारख्या साधनाने उघडण्याच्या आणि मिटवण्याच्या सर्व हाका ओळीने उतरवून त्यांच्या जोड्या लावतो, आणि ज्या उघडण्याला जोडीदार नाही त्याच्या आसपास कोणती चूक घडली होती हे पाहतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगताना, देहाला कष्ट होतील या भयाने कर्म टाकणाऱ्याचा त्याग राजस ठरवून त्याला त्यागाचे फळ मिळत नाही असे म्हटले आहे, आणि मोहाने नियत कर्म टाकणे तामस ठरवले आहे. या वर्गीकरणाकडे पुष्कळदा नैतिक प्रतवारी म्हणून पाहिले जाते, पण त्यात एक वस्तुस्थितिदर्शक विधानही आहे: अडचण येताच मधूनच परतणाऱ्याने जे धरले होते ते सुटलेलेच नसते, म्हणून सुटण्याचे फळ त्याला मिळत नाही. शिक्षा म्हणून ते नाकारलेले नसते.

आकडा आणि वस्तू यांची फारकत काय करते, हे नाशिक रोड या गावाला निराळ्या कारणाने ठाऊक आहे. रेल्वे नाशिक शहरापासून काही अंतरावरून गेली म्हणून स्टेशनाभोवती वाढलेल्या या वस्तीची ओळख तिथल्या दोन छापखान्यांनी घडवली, इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस. १९२८ साली पाच रुपयांच्या नोटेपासून भारतातील नोटांची छपाई इथे सुरू झाली. अशा छापखान्यात बाहेर गेलेल्या चांगल्या नोटेइतकाच बिघडलेल्या आणि बाद करून नष्ट केलेल्या कागदाचाही हिशेब द्यावा लागतो, कारण नष्ट झालेला पण नष्ट झाल्याची नोंद नसलेला कागद हिशेबापुरता कुणाच्या तरी हातात असतोच. २०२१ साली याच नोट प्रेसच्या हिशेबात पाचशेच्या नोटांचे ५ लाख रुपये मिळेनात, प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, आणि ती चोरी नव्हती, तर ती बंडले चुकून छिद्रे पाडून बाद झाली होती व कारवाईच्या धास्तीने तसे कुणी सांगितले नव्हते, असे तपासाअंती सांगण्यात आले. कागद केव्हाच संपला होता, उरला होता तो आकडा, आणि महिनोन्‌महिने अनेक माणसांवर संशयाचे सावट ठेवायला तेवढा पुरेसा ठरला.

आता जाबालोपनिषदाच्या पक्षाकडे वळता येईल, कारण यंत्रातही त्या पक्षाला भक्कम आधार आहे. प्रोसेस संपला, मग तो शहाणपणाने संपो की कोसळून, तर त्याने धरलेले सर्व डिस्क्रिप्टर कर्नल स्वतः मिटवतो. त्याने एकेक मिटवला होता की नाही, हे विचारलेही जात नाही. गळका सर्व्हर रोज रात्री बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सर्वत्र चालणारा उपाय याच नियमावर उभा आहे. संन्यासविधीतही साधक आपल्या पितरांबरोबर स्वतःचेही श्राद्ध आटोपतो, आणि त्यानंतर धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो व्यवहारापुरता मृत ठरून त्याची मालमत्ता वारसांकडे जाते. तेव्हा प्रस्थानातच सर्व मिटते हे म्हणणे निराधार नाही, आणि ऋणांची यादी संपण्याची वाट पाहणारा बहुधा वाटच पाहत राहतो, हेही खरे आहे.

परंतु कर्नल मिटवतो ते फक्त जाणाऱ्याचे स्वतःचे धरणे. प्रोसेसने आपल्यासारखाच दुसरा प्रोसेस जन्माला घातला असेल, तर त्या अपत्याला जन्मतःच बापाच्या सर्व उघड्या डिस्क्रिप्टरांच्या प्रती मिळतात आणि प्रत्येक संदर्भगणना एकाने वाढते. समजा, दोन प्रोसेसमध्ये पाइप आहे, म्हणजे एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने वाचायचे अशी नळी आहे. वाचणाऱ्याला मजकूर संपला हे तेव्हाच कळते, जेव्हा लिहिण्याचे टोक धरणारा जगात कोणीही उरत नाही. लिहिणारा आपले काम संपवून निघून गेला, पण त्याच्या एखाद्या अपत्याजवळ त्या टोकाची प्रत राहून गेली, तर त्या अपत्याला एक अक्षरही लिहायचे नसले, इतकेच काय, आपल्याजवळ असे काही आहे हे ठाऊकही नसले, तरी वाचणारा थांबूनच राहतो. जाणाऱ्याच्या बाजूने सर्व व्यवहार पूर्ण झालेला असतो. अडकतात ते मागे राहिलेले दोघे.

महाराष्ट्राच्या धर्मेतिहासात याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. संतचरित्रांच्या परंपरेनुसार आपेगावच्या विठ्ठलपंतांनी पत्नी रुक्मिणीबाईंची खरी संमती न घेता काशीला संन्यास घेतला, पुढे गुरूंना आळंदीत तिची भेट होऊन वस्तुस्थिती कळली, आणि त्यांनी शिष्याला गृहस्थाश्रमात परत पाठवले. गुरूंच्या या आज्ञेतील तत्त्व असे, की जो संबंध दोघांनी धरला आहे तो एकाच्या प्रस्थानाने सुटत नाही. एका बाजूची गणती उतरते, दुसरी उरते. त्यानंतर जन्मलेल्या निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई यांना संन्याशाची मुले म्हणून समाजाने बाहेर ठेवले, आणि आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावरही तो ठपका गेला नाही. मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावेच लागले. ज्यांनी काहीच उघडले नव्हते त्यांच्या हाती उघडे टोक येणे, हा कर्मसिद्धान्तापुढचा अवघड प्रश्न आहे, आणि त्या काळच्या धर्मपीठांनी तो ज्या निष्ठुरपणाने हाताळला त्याचे समर्थन कोणत्याही शास्त्राधाराने होऊ शकत नाही. अपत्याला नवे काम सोपवताना बापाची कोणती टोके त्याच्याबरोबर जाऊ नयेत, हे उघडतानाच ठरवून ठेवण्याची सोय ऑपरेटिंग सिस्टिमने पुढे केली. समाजाला ती करायला फार काळ लागला, आणि ती अद्याप पुरी झाली आहे असे म्हणवत नाही.

याउलट तुकारामांच्या चरित्रातील प्रसिद्ध प्रसंग सोडण्याचे नेमके माप दाखवतो. घराण्याच्या सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवण्यापूर्वी त्यांनी धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खते त्यांना देऊन टाकली आणि केवळ स्वतःचा वाटा पाण्यात सोडला, असे परंपरा सांगते. या कथेत निम्मी खते वाचली याला सहसा महत्त्व दिले जात नाही, पण त्यागाचा शुद्धपणा तिथेच आहे. वैराग्याच्या भरात भावाचीही खते बुडवली असती, तर तो दुसऱ्याच्या हातातील वस्तूचा नाश झाला असता. त्याला त्याग म्हणता आले नसते.

दुसऱ्याने धरलेले सोडून देणे ही गळतीहून गंभीर चूक आहे, याविषयी कर्नल रचणाऱ्यांचे मत निःसंदिग्ध आहे. गणना वेळेआधी शून्यावर आली तर वस्तू मोकळी होते, तिची जागा दुसऱ्या कुणाला मिळते, आणि जुना धरणारा आपलीच वस्तू समजून परक्याच्या मजकुरात हात घालतो. २०१६ च्या जानेवारीत उघड झालेला लिनक्समधील दोष या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कर्नलमध्ये प्रत्येक प्रोसेससाठी गुप्त किल्ल्यांचे एक जुडगे असते. जे जुडगे आधीच आपले आहे तेच पुन्हा मागितले, तर कर्नल त्याची गणना एकाने वाढवी, बदलण्यासारखे काही नाही असे पाहून आडवाटेने परते, आणि वाढवलेली गणना उतरवायला विसरे. गणक ३२ बिटांचा असल्यामुळे हीच मागणी ४,२९,४९,६७,२९६ वेळा केली, की आकडा पूर्ण फेरी मारून होता तिथेच परत येई, आणि नेमक्या संख्येवर थांबल्यास शून्यावरही आणता येई. मग धरलेली वस्तू मोकळी समजली जाई, आणि सामान्य वापरकर्त्याला यंत्राचा सर्वाधिकार मिळवता येई. विसरण्याची साधी चूक पुरेशा वेळा घडली, की तिचे रूपांतर दुसऱ्याचे हिरावून घेण्यात होते. २०१७ पासून लिनक्समध्ये आणलेल्या नव्या गणकात यावर असा उपाय आहे, की आकडा कमाल मर्यादेजवळ पोहोचला तर तो तिथेच गोठवायचा आणि ती वस्तू कधीच मोकळी करायची नाही. म्हणजे संशय आला तर कायमची गळती पत्करावी, पण कुणाच्या हातातले अकाली काढू नये. हा निर्णय तांत्रिक असला तरी त्यात एक नीती आहे, आणि ती अहिंसेच्या फार जवळची आहे.

तरीही कायमचे धरलेले प्रत्येक वेळी गळतीच असते असे मानणे चूक होईल. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यातील शिलालेखात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघाला दिलेल्या ३००० कार्षापणांच्या अक्षयनीवीची, म्हणजे मुद्दल कधीही न मोडता केवळ व्याज वापरावयाच्या ठेवीची, नोंद आहे. त्यांतील २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने ठेवले होते. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ द्यावयाचे तेही बरोबर २४० होतात. मुद्दल परत करावयाचे नाही, असे लेखात स्पष्ट म्हटले असून हा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदवल्याचेही सांगितले आहे. गणकाच्या दृष्टीने अक्षयनीवी आणि गळती यांत काहीच फरक नाही, दोन्हींत आकडा कधी उतरत नाही. फरक आहे तो कुणासाठी, कशासाठी आणि कुणाच्या जबाबदारीवर धरले आहे हे सांगणारे कोणी असण्याचा. जैन आचार्य उमास्वाती यांनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण वस्तू जवळ असण्यात न ठेवता आसक्तीच्या बेभानपणात ठेवले, त्याचा अर्थ या प्रकाशात अधिक स्पष्ट होतो, कारण भान ठेवून धरलेले केव्हाही सोडता येते आणि बेभानपणे धरलेल्याची सोडताना आठवणच होत नाही.

शेवटी एक स्थिती अशी उरते, जिथे प्रत्येकाने आपापला हिशेब चोख ठेवूनही सुटका होत नाही. दोन वस्तूंनी परस्परांना धरले असेल आणि बाहेरचे सर्व हात सुटले असतील, तर दोघींची गणना एकावर अडते आणि कधीच शून्य होत नाही. संदर्भगणनेतील ही उणीव १९६३ सालीच दाखवून दिली गेली. जॉन मॅकार्थी यांनी १९६० मध्ये सुचवलेल्या पद्धतीत मोजणीच नसते. मुळापासून निघून जिथवर पोहोचता येते ते सर्व खुणावायचे आणि ज्यांच्यावर खूण पडली नाही ते सर्व मोकळे करायचे, अशी ती पद्धत आहे. लिनक्समध्ये प्रोसेस एकमेकांना सॉकेटांतून डिस्क्रिप्टर पाठवू शकतात, आणि त्यामुळे दोन सॉकेट एकमेकांच्या पोटात अडकून पडण्याचा संभव असतो, म्हणून कर्नलमध्ये केवळ या गाठी सोडवण्यासाठी असा एक शोधक ठेवलेला आहे. कोणत्याही प्रोसेसला हे काम करता येत नाही, कारण त्या सॉकेटांचा बिल्ला कोणाकडेच उरलेला नसतो.

भक्तिमार्गाने कृपेची आवश्यकता मानली ती बहुधा अशाच गाठींसाठी. अहंकार कर्माला धरून आहे आणि कर्म अहंकाराला, मग आतून कितीही प्रामाणिक मोजणी केली तरी शून्य येणार कसे, असा या मार्गाचा युक्तिवाद आहे, आणि तो भावनेपुरता मर्यादित नसून तर्कानेही भक्कम आहे. जैन दर्शन, ज्याचे गजपंथ हे सिद्धक्षेत्र नाशिकलाच म्हसरूळजवळ आहे, असा बाहेरचा सोडवणारा मानत नाही. बांधलेले कर्म जीवानेच तपाने झाडावे, असे ते सांगते. या वादात यंत्राची साक्ष भक्तिमार्गाच्या बाजूने जाते असे प्रथमदर्शनी वाटते, परंतु जैन पक्षाचे उत्तर डावलता येण्यासारखे नाही: सॉकेट अचेतन आहे, आपण कशाला धरले आहे हे त्याला पाहता येत नाही, म्हणून त्याला शोधक लागतो, तर जीवाचे लक्षणच जाणणे हे आहे. तेव्हा मतभेद येऊन थांबतो तो ईश्वर आहे की नाही यावर नव्हे, तर गाठीत सापडलेल्या जीवाला आपली संपूर्ण गाठ आतून कधी दिसू शकते काय यावर, आणि गजपंथाची परंपरा व वारकऱ्यांची परंपरा या एका मुद्द्यावर शेवटपर्यंत वेगवेगळ्या बाजूंना उभ्या आहेत.